परिचर्याशास्त्रातील पीएच.डी.

परिचर्या (नर्सिंग) विषयात स्वतंत्र संशोधन करून प्रबंधाद्वारे मिळवायची पदवी, मराठीत विद्यावाचस्पती. अमेरिकेतील ‘डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस’ ही रुग्णसेवेतील प्रावीण्याची पदवी हिच्याहून वेगळी होय.

पदवीच्या उगमाबद्दल एकमत नाही. पहिलेपणाचा मान सामान्यतः न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजला देतात. तेथेच अ‍ॅडलेड नटिंग १९०७ मध्ये परिचर्येच्या जगातील पहिल्या प्राध्यापक झाल्या आणि १९२४ च्या सुमारास परिचारिकांसाठी डॉक्टरेटचा अभ्यासक्रम निघाला. मात्र त्याचा रोख शिक्षिका घडवण्यावर होता. म्हणून काही अभ्यासक न्यूयॉर्क विद्यापीठाच्या १९३४ च्या पीएच.डी.ला अग्रक्रम देतात. पण तीही शिक्षणशास्त्राच्या छायेतच वाढली. रुग्णाच्या खाटेजवळचा प्रश्न हाच संशोधनविषय, अशी कसोटी लावल्यास पिट्सबर्ग विद्यापीठाचा १९५४ च्या सुमाराचा माता-बाल परिचर्येतील अभ्यासक्रम अधिक ग्राह्य ठरतो.

भारतात दिल्लीच्या राजकुमारी अमृत कौर परिचर्या महाविद्यालयात १९५९ मध्ये पदव्युत्तर शिक्षण, १९८६ मध्ये एम.फिल. (पीएच.डी.च्या आधीची संशोधन पदवी) व १९९० नंतर पीएच.डी. असा क्रम दिसतो. २००५-०६ च्या सुमारास भारतीय परिचर्या परिषदेच्या पुढाकाराने बंगळूरूच्या राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठाच्या सहकार्याने राष्ट्रीय पीएच.डी. संघ (संस्थांचा सामाईक पीएच.डी. उपक्रम) उभा राहिला. महाराष्ट्रात नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ ही पदवी देते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार मुदत ३ ते ६ वर्षे असून स्त्रियांना आणखी २ वर्षांची सवलत मिळू शकते. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या परिचारिकांना ही मुदत अपुरीच वाटावी.

संशोधनात खरा कस लागतो तो ‘टूल’ म्हणजे मोजमापाची प्रश्नावली तयार करताना. इंग्रजी प्रश्नावली एकाने मराठीत आणायची, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ती परत इंग्रजीत न्यायची आणि मग दोन्ही ताडून पाहायच्या. वेदनेच्या बाबतीत येथेच घोटाळा होतो. ठणकणे, ठसठसणे, कळ येणे, चमक भरणे या तऱ्हा परतीच्या वाटेवर एकाच ‘पेन’मध्ये जमा होतात, रुग्णाला मात्र त्यांतला फरक नेमका कळतो. त्यामुळे तज्ज्ञांकडून आशय तपासून घेऊन थोड्या रुग्णांवर पायलट म्हणजे छोटा पूर्वअभ्यास केल्याशिवाय मुख्य अभ्यासाला हात घालत नाहीत. आचारनीती समितीची परवानगी तर लागतेच. एखादा उपाय करून पाहायचा असल्यास पहिला रुग्ण घेण्याआधी भारतीय क्लिनिकल ट्रायल (रुग्णांवरील उपायांच्या चाचण्या) नोंदवहीत नोंद करावी लागते. मग तो उपाय श्वसनाचे साधे व्यायाम शिकवण्याचा का असेना.