सुधारक नालबंदी (चालीचे घोडे)

खुराची छाटणी आणि नालेचे वजन, आकार व जागा बदलून चालीच्या घोड्याची बिघडलेली लय सावरण्याच्या कामाला सुधारक नालबंदी म्हणतात. सामान्य घोड्याचे कदम, दुडकी आणि दौड यांवर भागते. चालीचा घोडा यांखेरीज किंवा दुडकीऐवजी चार ठोक्यांची, स्वाराला न उसळवणारी एक मधली चाल जन्मतःच घेऊन येतो. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांची रेवाल, आइसलँडच्या घोड्याची टोल्ट, टेनेसी वॉकिंग घोड्याची रनिंग वॉक आणि मिसूरी फॉक्स ट्रॉटरची फॉक्स ट्रॉट या अशाच चाली.

या चालींचा फरक एका मोजमापात पकडता येतो : एका बाजूचा मागचा पाय टेकल्यापासून त्याच बाजूचा पुढचा पाय टेकेपर्यंत किती वेळ जातो. दुडकीत कर्णरेषेतले पाय जोडीने पडतात, म्हणून हे अंतर पूर्ण पावलाच्या निम्मे असते. पेस नावाच्या चालीत एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम पडतात आणि अंतर शून्याकडे जाते. टोल्ट किंवा तिच्यासारखीच रॅक ही चाल या दोहोंच्या मधोमध असते. तिथे ते पावलाच्या सुमारे पाव भागाइतके असते आणि चारही ठोके सारख्या अंतराने ऐकू येतात. फॉक्स ट्रॉट मध्यापासून दुडकीच्या बाजूला सरकलेली असते. घोड्याची तक्रार बहुधा दोनपैकी एक असते : तो पेसकडे घसरतो, नाहीतर दुडकीकडे. नालबंदाला याच एका रेषेवर घोड्याला थोडेसे इकडे किंवा तिकडे सरकवायचे असते.

थोडेसेच, कारण चाल खुरात नसते. डीएमआरटी३ या जनुकातील एका बदलाचा चालीशी थेट संबंध असल्याचे 2012 मध्ये दाखवले गेले. हा बदल मज्जारज्जूतील चेतापेशींच्या कामावर परिणाम करतो आणि जगभरच्या अनेक चालीच्या जातींत आढळतो. आइसलँडच्या घोड्यांत त्याच्या दोन प्रती पेस करण्याच्या क्षमतेशी निगडित आहेत. ज्याच्या अंगात चाल नाही त्याला ती नालेने येत नाही. अंगात आहे पण तोल, ताकद किंवा शिकवण कमी पडते, अशा घोड्याच्या ठोक्यांची वेळ मात्र नाल बदलू शकते.

वेळ बदलण्याची मुख्य साधने दोन. पहिले वजन. खुराला अडकवलेले वजन लोलकाच्या टोकाला बसावे तसे पायाच्या शेवटी बसते. त्यामुळे थोडे वजनही पाय उंच उचलायला लावते आणि त्याचा हवेतला वेळ वाढवते. दुसरे म्हणजे खुराचे टोक जमिनीवरून सुटण्याचा क्षण. टोक लांब आणि खुराचा कोन कमी असला तर पाय उशिरा सुटतो. टोक आखूड केले, नालेची पुढची कड गोलवली किंवा नाल किंचित मागे सरकवून बसवली, तर तो लवकर सुटतो.

पेसकडे झुकणाऱ्या घोड्याच्या पुढच्या पायांना त्यामुळे थोडी जड नाल देतात आणि मागच्या पायांना हलकी, आखूड टोकाची. मागचा पाय लवकर सुटून लवकर टेकतो, पुढचा रेंगाळतो आणि चिकटलेले दोन ठोके वेगळे होतात. दुडकीकडे झुकणाऱ्याला नेमके उलटे : पुढे हलकी नाल आणि झटपट सुटणारे टोक, मागे किंचित वजन. हलकेपणासाठी अ‍ॅल्युमिनियम वापरतात. त्याची घनता पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश असते. हा आडाखा मुळात अनुभवाचा आहे. दुडकीच्या शर्यतीतील घोड्यांना पुढच्या पायात वजन देण्याची जुनी रीत त्याच तर्कावर उभी आहे. तरीही दोन घोडे एकाच नालेला एकसारखे उत्तर देत नाहीत, म्हणून समजदार नालबंद एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि घोडा चालताना पाहून मगच पुढची ठरवतो. मंदगती चित्रणामुळे हे काम पुष्कळ सोपे झाले आहे. नुसत्या डोळ्यांना चार ठोक्यांतला बारीक फरक सहसा दिसत नाही, कानाला मात्र बऱ्याचदा कळतो.

नालेला हात घालण्याआधी बाकीची कारणे तपासावी लागतात. पाठीला रुतणारे खोगीर, दातांचे दुखणे, ताणून धरलेला लगाम, स्नायूंचा अशक्तपणा, लपलेला लंगडेपणा, यांतले काहीही चाल मोडू शकते. दुखऱ्या घोड्याला सुधारक नाल ठोकणे म्हणजे लक्षण झाकणे. पुष्कळदा तर खुराची नीट, समतोल छाटणी एवढीच खरी सुधारणा ठरते. पुढच्या खुराचा कोन साधारण 50 ते 55 अंश धरतात. पण आकड्यापेक्षा खुराच्या पुढच्या भिंतीची रेषा वरच्या तिरप्या हाडांच्या रेषेशी जुळणे महत्त्वाचे असते.

लांब पावले टाकणाऱ्या घोड्यात मागच्या खुराचे टोक पुढच्या नालेवर आपटून टकटक आवाज येतो; कधी पुढच्या पायाची टाच फाटते. पुढचा पाय वेळेवर निसटेल आणि मागच्याचे टोक चौकोनी होऊन मागे राहील, अशी नाल इथे उपयोगी पडते.

खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिमी वाढतो. वाढीबरोबर टोक पुढे जाते आणि कोन उतरतो, म्हणून नाल 4 ते 8 आठवड्यांत काढून पुन्हा बसवावी लागते. नालबंदीनंतर उत्तम चालणारा घोडा पाचव्या-सहाव्या आठवड्यात लय सोडू लागला, तर दोष शिकवणीत शोधण्याआधी खुराचे टोक पाहावे. उलट, कोनात एकाएकी मोठा फेर करणे धोक्याचे. टाच उचलली की खोल आकुंचक स्नायुबंधावरचा (पायाच्या मागून खुरात उतरणाऱ्या कंडरेवरचा) आणि खुरातील नावाकृती हाडावरचा भार कमी होतो, पण टाचेवरचा दाब वाढून ती चिरडते. टोक लांब ठेवले तर स्नायुबंध ताणतो आणि खुराची भिंत बाहेर फाकते.

हीच साधने क्रौर्याकडेही गेली. अमेरिकेत टेनेसी वॉकिंग घोड्यांचे पुढचे पाय प्रदर्शनात अवास्तव उंच उचलले जावेत म्हणून नालेखाली जाड थरांच्या गाद्या, जड नाल आणि साखळ्या वापरल्या गेल्या. पायांना जळजळणारी रसायने लावणे किंवा खुराचा तळवा दुखेल अशी नाल ठोकणे, या प्रकाराला तिथे ‘सोरिंग’ म्हणतात. त्याला आळा घालण्यासाठी 1970 मध्ये अश्वसंरक्षण कायदा झाला आणि 1976 मध्ये तो दुरुस्त करण्यात आला. आइसलँडच्या घोड्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत खुरावरच्या संरक्षक बुटांनाही प्रत्येकी 250 ग्रॅमची मर्यादा आहे. पेरूच्या पासो घोड्यांची परंपरा याच्या दुसऱ्या टोकाला : त्यांना प्रदर्शनात नालेविना उतरवतात आणि पुढचे पाय बाहेरच्या बाजूला वळवत टाकण्याची त्यांची लकब उघड्या खुरांवरच पारखली जाते.