पिल्लू घेण्याआधी त्याची आई बघा

कुडाळच्या बाजारातल्या आमच्या दुकानात कुत्र्यांचं खाणं, पट्टे-साखळ्या, जंतांची आणि गोचिडांची औषधं मिळतात. पिल्लं मिळत नाहीत. तरीही "चांगलं लॅब (लॅब्राडॉर) कुठे मिळेल हो?" हा प्रश्न काउंटरवर सतत येतो, म्हणून हे पत्रक छापलं.

दुसरंही एक कारण आहे. नव्या पिल्लाचं खाणं न्यायला माणूस हौसेने येतो, सोबत पोरंही असतात, पट्टा लाल हवा की निळा यावर भांडण होतं. चारपाच दिवसांनी तोच माणूस एकटा येतो आणि हळूच सांगतो, "पिल्लू कालपासून काय खाणा नाय, रगात हगता." त्यावर आमच्याकडे बाटली नाही. आम्ही त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात पाठवतो. बरेचदा तो पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांचा जीवघेणा संसर्ग, निघतो.

पार्व्होचा विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात. म्हणजे घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशीच पिल्लू पडलं, तर दुखणं ते तिकडूनच घेऊन आलेलं असतं. "आमच्याकडे होतं तेव्हा खणखणीत होतं," असं विकणारा म्हणतो, आणि दिसायला ते तसं असतंही. म्हणून पावतीवर तारीख घालून घ्या आणि घरी जाण्याआधी, फार तर दुसऱ्या दिवशी, पिल्लू डॉक्टरांना दाखवा.

आई का बघायची

पिल्लू जन्मलं त्या जागी जा. गेलात की निम्मी परीक्षा तिथेच होते. आई तिथे असली पाहिजे, आणि ती नुसती बांधलेली नाही तर पिल्लांजवळ असली पाहिजे. व्यालेली मादी थोडी उतरतेच, थान ओघळलेलं असतं, त्यात वावगं काही नाही. पण बरगड्या मोजता येत असतील, पाठीचे केस गेले असतील, माणूस दिसताच ती कोपऱ्यात दबत असेल, तर पिल्लू कितीही गोंडस असलं तरी परत फिरा. भित्र्या आईची पिल्लं बरेचदा भित्री निघतात, आणि भित्रं कुत्रं चावतं.

"आई गावाला आहे", "आई दुसऱ्या फार्मवर आहे", "तुम्ही कशाला येता, हायवेला येऊन देतो": हे ऐकलं की समजा, दाखवण्यासारखं काही नाही. घाटावरून, गोव्याकडून किंवा मुंबईहून पिल्लं खोक्यातून, रातराणी गाडीच्या डिकीतून येतात. ज्याला आपण ब्रीडर (पैदास करणारा) समजतो तो पुष्कळदा मधला दलाल असतो. वेगवेगळ्या घरची पिल्लं एका खोक्यात, म्हणजे एकाचं दुखणं सगळ्यांना.

लसीचंही आईशीच नातं आहे. आईचं टोचण झालेलं असेल तर तिच्या पहिल्या दुधातून पिल्लाला काही आठवडे संरक्षण मिळतं. गंमत अशी, की तेच संरक्षण पिल्लाला दिलेली लसही निष्प्रभ करतं. ते नक्की कुठल्या आठवड्यात उतरेल, हे वरून कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांचं असताना पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या, आणि शेवटची सोळा आठवड्यांच्या सुमाराला किंवा त्यानंतर. "एक इंजेक्शन झालंय, आता काळजी नाही," हे वाक्य म्हणून खोटं. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, ती वेगळी. लसीच्या कार्डावर बाटलीचं स्टिकर, तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक बघा. नुसत्या पेनाच्या टिका असतील तर ते कार्ड आमच्या काउंटरवरही लिहिता येईल.

वय: दोन महिने म्हणजे दोन महिने

पस्तीस-चाळीस दिवसांचं पिल्लू हातात बसतं, फोटोत छान दिसतं आणि विकणाऱ्याचा तीन आठवड्यांचा खर्च वाचवतं. पण भावंडांशी दंगा करतानाच पिल्लू शिकतं, की दात जोरात लावला तर समोरचा कळवळतो आणि खेळ मोडतो. तो धडा अर्धा राहिला की पुढे तुमच्या पोटऱ्यांवर तो शिकवावा लागतो.

वय ताडायचं असेल तर तोंड उघडा. दुधाचे दात एकूण 28. आठ आठवड्यांच्या सुमाराला ते जवळजवळ सगळे आलेले असतात. पुढे सुळे आणि मागे नुसत्या हिरड्या, तर पिल्लू लहान आहे.

कायदाही हेच सांगतो. केंद्र सरकारने 2017 मध्ये कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांबाबत नियम केले. त्यानुसार ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नसतं, विकण्याआधी मायक्रोचिप (कातडीखालची ओळखीची चिप) बसवायची असते. मादी दीड वर्षाची होईपर्यंत तिला लावायचं नाही, आठ वर्षांनंतरही नाही. बारा महिन्यांत एकच वेत, आणि जन्मभरात पाचच. तेव्हा नोंदणीचा कागद मागा आणि हे आईचं कितवं वेत, असं सहज विचारा. चांगला माणूस आनंदाने सांगेल. उलट तोच तुम्हाला विचारेल, घरी दिवसभर कोण असतं, कुंपण आहे का. विचारू द्या.

केनेल क्लबच्या कागदाचं मात्र भलतंच कौतुक होतं. त्यात वंशावळ असते, तब्येत नसते. लॅब्राडॉर किंवा जर्मन शेफर्ड घेत असाल तर आईबापाच्या खुब्याचा एक्स-रे काढलाय का, हा प्रश्न त्या कागदापेक्षा मोलाचा. या जातींत खुबा सैल असण्याचा दोष वंशातून येतो. आणि "कागद मागाहून कुरिअरने" म्हणाले, तर पैसेही मागाहून.

आगाऊ पैसे

मोबाइलवर फोटो, टोकन म्हणून दोन हजार, मग गाडीभाडं, मग पिंजऱ्याचे पैसे, मग फोन बंद. पिल्लू कधी नव्हतंच. असं झालं तर तासाभरात सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. उशीर केला की पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. पिल्लू मिळालं पण फसवणूक झाली असेल, तर ग्राहक हेल्पलाइन 1915. दोन्हींना पावती किंवा पैसे पाठवल्याचा पुरावा लागतो. पावती नको म्हणून शे-पाचशे कमी करून घेणारे आपलेच लोक आहेत, हेही सांगून टाकतो.

आपल्या हवेत कोण नांदतं

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकून, जिभेवरचा ओलावा उडवून अंग थंड करतं. मे महिन्यातली आपली हवा पाण्याने इतकी भरलेली, की तो ओलावा उडतच नाही. हस्की आणि सेंट बर्नार्ड तर दाट लोकरीचे. पग आणि फ्रेंच बुलडॉग यांचं नाकच आखूड, धाप लागली तरी हवा पुरत नाही. एसीच्या खोलीत राहतील म्हणता, पण पावसाळ्यात आपली वीज किती वेळ असते? लांब केसांच्या कुत्र्यांना दमटपणात बुरशी धरते ती वेगळीच.

आमचं मत विचाराल तर शेजारच्या वाडीत व्यालेल्या गावठी कुत्रीचं पिल्लू घ्या. आई समोर दिसते, दलाल नसतो, अंगाला इथली हवा मानवलेली असते. पण फुकट मिळालं म्हणून टोचण टाळू नका. पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून लेप्टो होतो, त्याचीही लस कुत्र्यांसाठी असते. रात्री पिल्लू पडवीत नको, घरात घ्या. बिबट्या कुठली जात ते विचारत नाही.

चाकरमान्यांसाठी दोन शब्द

गणपतीला किंवा मे महिन्यात येताना मुंबईहून पिल्लू आणायचं आणि "आईबाबांना सोबत" म्हणून मागे ठेवायचं, हे हल्ली वाढलंय. वर्षभरात त्या लॅबचं वजन तीस किलोच्या आसपास जातं. सत्तरीच्या आजीने ते साखळीला धरून खळ्यात उभं राहायचं, की पाय घसरून पडायचं? सोबतच हवी असेल तर तीन-चार वर्षांचं, शांत झालेलं कुत्रं बघा. आणि आणण्याआधी आजीला विचारा.

घरी आधी एखादं पिल्लू पार्व्होने गेलं असेल तर

हा विषाणू माड-पोफळीच्या सावलीतल्या ओल्या मातीत महिनोन् महिने तग धरतो. फिनाइलने मरत नाही. लादी, भांडी आधी धुऊन घ्या, मग एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी करून ते त्यांवर दहा मिनिटं राहू द्या. मातीचं काही करता येत नाही, त्यामुळे नवं पिल्लू सगळ्या लसी पूर्ण झाल्यावरच तिथे सोडा. जुनी गोधडी जाळून टाका.

पिल्लू पसंत केलंत की लसीचं कार्ड आणि नोंदणीचा कागद घेऊन दुकानात या. आम्ही बघून देऊ, पैसे घेत नाही. तिथे ते काय खात होतं तेही विचारून या. निदान आठवडाभर तेच द्यायचं, मग हळूहळू बदलायचं. पहिल्याच दिवशी बांगड्याची आमटी नको.