कैलासपती कैलासाहून आलेला नाही

महाशिवरात्र जवळ आली की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरतो: कैलासपती हा हिमालयातला, पुराणकाळापासूनचा शिववृक्ष असून इंग्रजांनी तो राणीच्या बागेत नेऊन लावला. यातली दिशाच उलटी आहे.

हा वृक्ष मूळचा दक्षिण अमेरिकेचा. फ्रेंच गयानात जाऊन आलेल्या ओब्ले या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले, आणि आपल्याकडे तो वसाहतकाळातील वनस्पतिउद्यानांच्या वाटेने पसरला. भायखळ्याची राणीची बाग अशाच उद्यानांपैकी एक. ती १८६२ मध्ये मुळात झाडांसाठी खुली झाली, पिंजरे नंतर आले. (नावातली राणी म्हणजे व्हिक्टोरिया, हेही अनेकांना ठाऊक नसते.)

मग या फुलात दिसणाऱ्या शिवलिंगाचे काय? फूल हातात घेऊन पाहावे. फांदीच्या टोकाला न येता ते थेट खोडातून निघणाऱ्या लोंबत्या दांड्यांवर येते. मध्यभागी स्त्रीकेसराभोवती आखूड पुंकेसरांचे कडे असते आणि त्यावर एका बाजूने वळलेला पुंकेसरांचाच झुपका फणा धरतो. फुलात मध नसतो. फण्यातले पराग वांझ असून ते भुंग्यांचे खाद्य ठरतात, तर ते खाताना भुंग्याच्या पाठीला लागणारे कड्यातले पराग बीजधारणेच्या कामी येतात. या रचनेत आपल्या लोकांना पिंडी आणि नाग दिसले, म्हणून कैलासपती हे नाव पडले. नाव सुंदरच आहे. पण ते झाडाच्या जन्मगावाचा दाखला नव्हे.

फूल वाहायला कोणाची हरकत नसावी. तोफगोळ्याएवढी जड फळे मात्र डोक्यावर पडू शकतात, त्यामुळे झाडाखाली बाक किंवा वाहने ठेवू नयेत.