मेशचा नोड रेंज नसलेल्या खोलीत ठेवायचा नसतो

‘ज्या खोलीत वायफाय पोहोचत नाही, तिथेच मेशचा नोड ठेवा’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे, आणि तो चुकीचा आहे. मेश म्हणजे घरभर वायफाय पोहोचवण्यासाठी एकत्र काम करणाऱ्या डब्यांचा संच, आणि नोड म्हणजे त्यातला मुख्य राउटरखेरीजचा डबा. नोड स्वतः इंटरनेट तयार करत नाही. मुख्य राउटरकडून मिळालेलंच तो पुढे देतो. त्यालाच सिग्नल कमकुवत मिळाला, तर मोबाइलवर रेंज फुल्ल दिसेल, वेग मात्र रडतखडतच राहील. म्हणून नोड मधल्या वाटेवर हवा. जागा ठरवताना तिथे मोबाइल धरून मुख्य राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा (वायफायच्या वेगवान पट्ट्याचा) सिग्नल मोजा. तो डीबीएम या एककात दिसतो, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला: उणे ६५ डीबीएमच्या आसपास असेल तर उत्तम, उणे ७५ दिसला तर नोड फार लांब जातोय.

खरेदीतली गफलत वेगळी. ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन रेडिओंच्या) संचात मोबाइलशी आणि राउटरशी बोलायला बहुधा ५ गिगाहर्ट्झचा एकच रेडिओ असतो, त्यामुळे नोडवर वेग साधारण निम्मा होतो. ट्राय बँडमध्ये तिसरा रेडिओ फक्त राउटरशी बोलायला लावता येतो. पण शक्य असेल तर राउटरपासून नोडपर्यंत सरळ कॅट ६ प्रकारची नेटवर्क केबल ओढा. मग ड्युअल बँडही पुरतो. फक्त नोडचा पोर्ट गिगाबिट आहे ना, ते आधी पाहा. १०० मेगाबिटचा निघाला, तर वेग तिथेच अडतो.