दीर्घ निराहार : वजन आणि भूक यांच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

आपल्याकडच्या बहुतेक उपवासांना फराळ चालतो. येथे विचार आहे तो केवळ पाण्यावर आठवडेच्या आठवडे राहण्याचा. या प्रकाराकडे आधुनिक वैद्यकाचे लक्ष वळले ते प्रयोगशाळेमुळे नव्हे, तर जाहीर प्रदर्शनांमुळे. १८८० साली डॉ. हेन्री टॅनर यांनी न्यूयॉर्कच्या क्लॅरेंडन हॉलमध्ये डॉक्टरांच्या पहाऱ्यात आणि प्रेक्षकांच्या गर्दीत ४० दिवस अन्न वर्ज्य केले. त्यानंतर आठ वर्षांनी फ्लॉरेन्समध्ये लुइजी लुचानी या शरीरशास्त्रज्ञाने जोव्हान्नी सुच्ची या व्यावसायिक उपवासकर्त्याच्या ३० दिवसांच्या उपवासाची पद्धतशीर नोंद ठेवली आणि हा विषय तमाशाच्या मंचावरून अभ्यासाच्या टेबलावर आला.

मात्र खरा पाया घातला गेला तो बॉस्टनमध्ये. कार्नेगी संस्थेच्या पोषण प्रयोगशाळेचे प्रमुख फ्रान्सिस बेनेडिक्ट यांनी १९१२ साली आगोस्तिनो लेव्हान्झिन या माल्टाच्या रहिवाशाला ३१ दिवस केवळ ऊर्ध्वपातित पाण्यावर ठेवले. रात्री तो झोपायचा तोही उष्णतामापक कक्षात, म्हणजे झोपेतही त्याच्या शरीरातून किती उष्णता बाहेर पडते आणि किती प्राणवायू खर्च होतो याची मोजणी चालू राही. त्याचे वजन सुमारे ६०.६ किलोवरून ४७.४ किलोवर आले. ही घट रोज सारखी नव्हती. आरंभी दिवसाला किलोच्या आसपास वजन उतरत होते, शेवटच्या आठवड्यात ते प्रमाण जेमतेम एकतृतीयांश किलोवर आले. पहिल्या दिवसांत जे जाते त्यात यकृतातील आणि स्नायूंतील साठवलेली साखर, तिच्याबरोबरचे पाणी आणि मीठ यांचाच वाटा मोठा असतो, आणि उपवास सोडताच ते पाणी परत येते. पहिल्या आठवड्याच्या आकड्यावर हुरळून जाणाऱ्यांनी एवढी गोष्ट तरी ध्यानात ठेवावी, असे मला कळकळीने वाटते.

बेनेडिक्ट यांच्या नोंदींतील सर्वांत बोलका आकडा लघवीतील नायट्रोजनचा आहे. चौथ्या दिवसाच्या सुमारास तो १२ ग्रॅमच्या घरात होता. १ ग्रॅम नायट्रोजन म्हणजे सुमारे सव्वासहा ग्रॅम प्रथिन, या हिशेबाने त्या दिवशी सुमारे ७५ ग्रॅम प्रथिन, म्हणजे तीनशे ग्रॅमहून अधिक मांसपेशी खर्ची पडल्या. महिनाअखेरीस हा आकडा ७ ग्रॅमच्या आसपास उतरला. शरीर स्नायू राखू लागले होते. पण ते कशाच्या बळावर, याचे उत्तर तेव्हा नव्हते.

भुकेचा शोध समांतर चालला होता. त्याच १९१२ साली वॉल्टर कॅनन आणि वॉशबर्न यांनी गिळलेल्या फुग्याच्या साहाय्याने जठराच्या आकुंचनांचा भुकेच्या कळांशी संबंध दाखवला. पुढे शिकागोच्या अँटन कार्लसन यांनी सहकाऱ्यासह स्वतः पाच दिवस उपवास केला. जठराची आकुंचने चालूच राहिली, पण अखेरच्या दिवसांत भुकेची जाणीव मात्र मंदावली, असे त्यांना आढळले. याच्या अगदी उलट चित्र १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज यांच्या मिनेसोटा येथील प्रयोगात दिसले. तेथील ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले आणि त्यांना अन्नाशिवाय दुसरे काही सुचेनासे झाले. थोडे खाणारा भुकेने व्याकूळ आणि काहीच न खाणारा तुलनेने शांत, हा विरोधाभास पुढच्या डॉक्टरांना मोहात पाडणारा ठरला.

त्यामागील यंत्रणेचा मोठा भाग १९६७ साली उलगडला, तोही बॉस्टनमध्येच. जॉर्ज केहिल, ऑलिव्हर ओवेन आणि सहकाऱ्यांनी पाच-सहा आठवडे उपवास केलेल्या तीन स्थूल रुग्णांच्या मेंदूकडे जाणारे आणि मेंदूतून परतणारे रक्त तपासले. एरवी दिवसाला शंभर ग्रॅमहून अधिक साखर लागणारा मेंदू चरबीपासून बनलेल्या कीटोन द्रव्यांवर बहुतांशी चालत होता. त्यामुळे साखर बनवण्यासाठी स्नायू मोडण्याची गरज कमी होते. भूक मंदावण्यातही या द्रव्यांचा हात असावा, असे मानले जाते.

तोपर्यंत स्थूलतेवर संपूर्ण उपवास हा उपचार म्हणून रूढ होऊ लागला होता. अटलांटाचे वॉल्टर ब्लूम यांनी १९५९ मध्ये आणि फिलाडेल्फियाचे गारफील्ड डंकन यांनी त्यानंतर तीन वर्षांनी त्याचा पुरस्कार केला. स्कॉटलंडमध्ये अँगस बार्बिएरी हा तरुण १९६५-६६ मध्ये डंडीच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली ३८२ दिवस निराहार राहिला आणि २०७ किलोवरून ८२ किलोवर आला. त्याला जीवनसत्त्वे, यीस्ट आणि काही काळ पोटॅशियम दिले जात होते. पाच वर्षांनंतरही त्याचे वजन ८९ किलो होते. त्याचे उदाहरण आजही सर्रास दिले जाते, पण ते अपवादात्मक आहे. चरबीचा एवढा साठा नसलेल्या माणसाची मर्यादा किती जवळ असते, हे लाहोरच्या तुरुंगात १९२९ साली ६३व्या दिवशी मरण पावलेल्या जतींद्रनाथ दास यांच्या उपोषणाने आणि १९८१ साली ४६ ते ७३ दिवसांत प्राण गमावलेल्या दहा आयरिश कैद्यांनी दाखवले आहे.

रुग्णालयांतही मृत्यू झाले. १९६९ साली ब्रिटिश डॉक्टरांनी तीस आठवड्यांचा उपवास केलेल्या एका वीस वर्षांच्या तरुणीची नोंद प्रसिद्ध केली. अन्न पुन्हा सुरू केल्यावर तिचे हृदय बंद पडले. शिवाय ज्यांचा उपवास सुखरूप पार पडला, त्यांच्यापैकी बहुतेकांचे वजन काही वर्षांत पूर्ववत झाले, कारण मंदावलेली भूक पहिल्या घासाबरोबर परत येते. सत्तरच्या दशकात ही पद्धत मागे पडली आणि पुरेशी प्रथिने असलेला अत्यल्प उष्मांकांचा आहार तिच्या जागी आला.

अन्न पुन्हा सुरू करण्यातील धोक्याची जाणीव दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी युद्धकैद्यांमध्येच झाली होती. पिष्टमय पदार्थ पोटात जाताच इन्सुलिन वाढते, रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींत ओढले जातात आणि हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून आज दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या रुग्णाला आधी थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) दिले जाते, आहार शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १० उष्मांकांपासून सुरू करून रोज रक्त तपासत हळूहळू वाढवला जातो.