टेक्सासमधल्या ब्रिटिश कबरी: त्यांचं विमान शत्रूने पाडलं नव्हतं

टेक्सासमधल्या टेरेल गावच्या दफनभूमीत ब्रिटिश रॉयल एअर फोर्सच्या २० पोरांच्या कबरी आहेत आणि दुसऱ्या महायुद्धातली कबर दिसली की लोक धरूनच चालतात की विमान शत्रूने पाडलं असणार. अहो पण टेक्सासवर जर्मन विमानं येणार कुठून! १९४१ पासून तिथे ब्रिटिश कॅडेट्सना फ्लाइंग शिकवायचे, कारण इंग्लंडात हवा ढगाळ, वर हल्ल्यांची भीती. २० फेब्रुवारी १९४३ ला टेरेलहून ओक्लाहोमातल्या मायामीकडे (फ्लोरिडातलं नाही हं) निघालेली एटी-६ विमानं ढगात सापडली, त्यांतली दोन विमानं डोंगरांवर आदळली आणि चार कॅडेट जागीच गेले. एक गोळी सुटली नाही.

आणि हो, "ट्रेनिंगमध्ये मेले म्हणजे युद्धातले नव्हेत" हेही चूकच. ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ मध्ये सर्व्हिसमध्ये असताना मृत्यू आला तर कारण काही का असेना, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन (ब्रिटन आणि कॉमनवेल्थच्या युद्धमृतांच्या कबरींची देखभाल करणारी संस्था) त्यांना युद्धमृतच धरतं. बॉम्बर कमांडच्या (रॉयल एअर फोर्सचा बॉम्बहल्ले करणारा विभाग) ५५,५७३ मृतांतले ५,००० हून जास्त तर ट्रेनिंगमध्येच गेले. मृतदेह घरी का नाही नेले? ब्रिटनचा नियमच होता, परदेशात मेला तर तिथेच दफन.