आरोग्य केंद्रातली मोफत औषधं: अर्ज नाही, दाखला नाही, फक्त केसपेपर

प्राथमिक आरोग्य केंद्रातून औषधं मिळवायला कसलाही अर्ज भरावा लागत नाही. रेशनकार्ड पिवळं आहे की केशरी हे कुणी विचारायचं कारण नाही, उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी, उपचार आणि औषधं सगळ्यांना मोफत आहेत. केसपेपरचे पैसेही घेत नाहीत.

पुण्यात इथेच गोंधळ होतो. मुळशी, हवेली, भोरकडची आरोग्य केंद्रं आणि औंधचं जिल्हा रुग्णालय या निर्णयात येतात. ससून रुग्णालय मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाचं आणि शहरातले दवाखाने महापालिकेचे. तिथले नियम वेगळे, ते तिथेच विचारून घ्या.

केंद्रावर सकाळीच जा. केसपेपरच्या खिडकीवर नाव, वय, गाव, मोबाईल नंबर सांगायचा. आधार किंवा आभा कार्ड (डिजिटल आरोग्य ओळखपत्र) असेल तर सोबत ठेवा. खासगी डॉक्टरची चिठ्ठी थेट औषधांच्या खिडकीवर चालत नाही. केंद्रातले वैद्यकीय अधिकारी तपासून केसपेपरवर लिहितील तीच औषधं मिळतात. बीपी-शुगरचे रुग्ण असाल तर जुने रिपोर्ट आणि रिकाम्या स्ट्रिपा जरूर न्या. सरकारी गोळीचं पाकीट वेगळं दिसतं म्हणून कितीतरी जण ती घेतच नाहीत. स्ट्रिपवर अ‍ॅम्लोडिपिन, मेटफॉर्मिन असं मूळ औषधाचं नाव आणि किती मिलिग्रॅम ते जुळवून बघा. गोळ्या किती दिवसांच्या दिल्या, तेही खिडकीवरच मोजा.

क्षयरोगाची औषधंही मोफतच, पण तिथे आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स द्या. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा 1000 रुपये खात्यात येतात.

आता खरी अडचण. गेल्या पावसाळ्यात एका केंद्रावर माझ्या सासूबाईंना "साठा संपलाय, बाहेरून घ्या" असं सांगितलं. त्या मुकाट्याने परत आल्या आणि बारा दिवस बीपीच्या गोळीविना राहिल्या. आम्हाला कळलं ते चक्कर आल्यावर. असं कुणाचं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे. बाहेरची औषधं लिहून द्यायची नाहीत, साठा नसेल तर रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून स्थानिक खरेदी करायची, अशा सूचना आहेत. म्हणून खिडकीवरून परत फिरू नका, वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. औषध उपलब्ध नसल्याचं केसपेपरवर लिहून मागा. तरीही काम झालं नाही तर 104 या आरोग्य हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, किंवा तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा परिषदेतले जिल्हा आरोग्य अधिकारी यांना साध्या कागदावर अर्ज द्या. त्यात औषधाचं नाव, तारीख आणि केसपेपरची प्रत असू द्या; आपल्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्यायला विसरू नका.